नेमबाजी शंका-समाधान : स्वस्त स्कोपची पारख

प्रश्न : माझ्याकडे ०.१७७ इंची बोअरची, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. शेतात १० ते २५ मीटरवर पडत्या लोखंडी पट्ट्या आणि कागदी लक्ष्यं मांडून, घड्याळ लावून प्रॅक्टिकल पद्धतीचा सराव करतो. दुकानदार १-४×२४ चा स्कोप (रायफलीवरची दुर्बीण, १ ते ४ पट, पुढचं भिंग २४ मिमी) दाखवतोय, एक क्लिक अर्ध्या एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). थोडे पैसे वाढवले की १-८×२४ मिळतो. कोणता घ्यावा? आणि घेतलेला चांगला आहे हे कसं ओळखावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : १-४ घ्या. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. २४ मिमीच्या भिंगाला ४ पटीवर तो ६ मिमी असतो, ८ पटीवर फक्त ३ मिमी. हा झोत बारीक झाला की डोकं जरा हललं तरी चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर दिसते. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये मिळालेल्या गुणांना वेळेनं भागतात, आयपीएससीचा (प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) ‘हिट फॅक्टर’ तो हाच. चित्र शोधण्यात गेलेला अर्धा सेकंद तिथे महागात पडतो. शिवाय १-८ ची रचना किचकट असते. स्वस्त किमतीत ती बसवायची म्हणजे कुठेतरी काटकसर होणारच, आणि ती बहुधा फुली (नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा) धरून ठेवणाऱ्या आतल्या स्प्रिंगवर होते.

दुकानात आधी एकच प्रश्न विचारा : हा स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी चालतो का? साध्या बंदुकीचा धक्का मागे बसतो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि तो टोकाला आदळला की ती पुढे उसळते. या उलट्या हिसक्यानं केवळ बंदुकीसाठी बांधलेल्या स्कोपची भिंगं सैल होतात. मोठ्या बोअरच्या बंदुकीवर टिकलेला स्कोप एअरगनवर टिकेलच असं धरून चालू नका.

तिथेच डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. ४ पटीवर मान न हलवता पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. मग १ पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून दाराची उभी चौकट पाहा. स्कोपमधली आणि बाहेरची रेघ एका ओळीत जुळली तर तो खरा १ पट. रेघ तुटली किंवा वाकली, तर जवळच्या लक्ष्यावर दोन डोळ्यांनी झटकन नेम धरताना त्रास होईल. त्याआधी पांढऱ्या भिंतीकडे बघत, डोळ्याकडची कडी फिरवून फुली स्वच्छ करून घ्या. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा. जास्त वेळ पाहिलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि माप चुकतं.

खरी पारख घरी होते, तीही एक छर्रा न उडवता. आलेख कागदावर दर सेंटिमीटरला जाड स्केचपेनची रेघ मारा आणि तो भिंतीवर चिकटवा. बरोबर १० मीटरवर स्कोप वाइसमध्ये धरा, जबड्यात सोलापुरी टॉवेलची घडी घाला, हातानं बेतानं आवळा. स्वस्त लो-पॉवर स्कोप बहुतेक १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर जुळवलेले असतात. १० मीटरवर चित्र थोडं धूसर दिसतं, आणि डोळा बाजूला सरकला की फुली कागदावर सरकते. हा पॅरलॅक्स २४ मिमीच्या भिंगाला १० मीटरवर जास्तीत जास्त साडेदहा-अकरा मिमी, तर २५ मीटरवर ९ मिमीच्या आत येतो. (४० मिमीच्या भिंगाला २५ मीटरवर तोच साडेचौदा मिमी. लहान भिंगाचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही.) मोजणीपुरता तो घालवायला काळ्या कार्डपेपरचं टोपण करून त्याला मधोमध ऑफिसच्या पंचिंग मशिननं एक भोक पाडा आणि पुढच्या भिंगावर बसवा. भोक साधारण ६ मिमीचं पडतं. चित्र अंधारतं, पण धारदार होतं आणि पॅरलॅक्स तीन मिमीच्या आत येतो.

आता फुली एका चौकाच्या कोपऱ्यावर ठेवा आणि टरेट (फुली सरकवायची, क्लिकनं फिरणारी चकती) ४० क्लिक वर फिरवा. २० एमओए म्हणजे १० मीटरवर ५८ मिमी. फुली कागदावर खाली सरकताना दिसेल, गोंधळू नका. मग ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. चौकोन पूर्ण होऊन फुली निघाली त्याच कोपऱ्यावर यायला हवी. प्रत्येक बाजूला थांबून स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीनं टरेटवर हलकी टिचकी मारा. टिचकीनं फुली हलली तर आतली स्प्रिंग ढिली आहे आणि असा स्कोप झिरो (छर्रा लागतो तिथेच फुली जुळवलेली असणं) धरणार नाही. शेवटी १ वरून ४ वर आणि परत १ वर या. फुली तीन मिमीपेक्षा जास्त भटकली तर स्कोप परत करा.

५८ च्या जागी ५४ भरले तर? आमच्या मते चालवून घ्या. तुम्ही एकदा झिरो करून टरेटवर टोपी लावणार आहात, दर फैरीला क्लिक मोजणार नाही. फुली मूळ जागी परतत नसेल तर मात्र अजिबात घेऊ नका.

काही जण पुढच्या भिंगाची कडी सैल करून पॅरलॅक्स २५ मीटरवर आणतात. जमतं, पण आतला नायट्रोजन निघून जातो आणि पावसाळ्यात काच आतून धुरकट होते. त्यापेक्षा गाल रोज एकाच जागी टेकवायची सवय लावा. आणि लोखंडी पट्टीवरून शिसं उलट उडतं, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय एकही छर्रा नको.

प्रश्न : स्कोप बसवून झिरो केला. पन्नास-साठ छर्ऱ्यांत ग्रुप (छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) सरकायला लागला. स्कोप खराब समजायचा का?
– अक्कलकोट रोड

उत्तर : आधी माउंट (स्कोपची नळी रिंगांत धरून रायफलीला जोडणारा भाग) तपासा. पुढच्या हिसक्यात रायफल पुढे जाते आणि स्कोप जडपणामुळे जागेवरच राहू पाहतो, म्हणून माउंट रेलवर (रायफलीवरच्या खाचेच्या पट्टीवर) मागे सरकतं. नेलपॉलिशची बारीक रेघ माउंट आणि रेल दोन्हींवर मिळून ओढा, तशीच रिंग आणि नळीवर. वीस छर्ऱ्यांनंतर रेघ कुठे तुटली ते पाहा, दोष तिथे.

माउंट सरकलं असेल तर ११ मिमीच्या रेलवरचं तेल स्पिरिटनं पुसा. रेलच्या वरच्या अंगाला भोक असेल तर मागच्या रिंगची स्टॉप पिन त्यात उतरवा, नसेल तर रिंगच्या मागे वेगळा स्टॉपर बसवा. नळी रिंगमध्ये घसरत असेल तर रिंगचे वरचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन-मीटरवर आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा आणि स्क्रू तिरपे-समोरासमोर घ्या. टॉर्कचा पाना नसेल तर अॅलन कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. जोरात आवळलं तर नळी चेपते आणि आतली फुली अडकते.

रेघा शाबूत असूनही ग्रुप फिरतो का? मग टरेट पाहा. मोडून भरायच्या रायफलीची नळी बऱ्याचदा खाली झुकलेली असते, त्यामुळे टरेट जवळपास शेवटापर्यंत वर न्यावा लागतो. तिथे आतल्या स्प्रिंगचा ताण उरत नाही आणि फुली दर हिसक्याला जागा बदलते. टरेट मध्यावर आणा आणि मागच्या रिंगमध्ये नळीखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी घाला. पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर एक पट्टी २५ मीटरवर छर्रा २५ मिमी वर नेते. तीनपेक्षा जास्त पट्ट्या लागत असतील तर उताराचं तयार माउंट घ्या.

तपासताना रायफल लाकडावर किंवा विटेवर टेकवू नका, उसळून ग्रुप फाटतो. टॉवेलच्या कापडाची पिशवी शिवून त्यात पाऊण भाग ज्वारी भरा. ती हाताखाली बसते आणि आकार धरते. पिशवीवर डावा तळवा, तळव्यावर रायफल, पकड सैल. पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप, एकाच डब्यातले छर्रे.

प्रश्न : स्कोपमधला लाल ठिपका दुपारी दिसतच नाही. बॅटरी बदलली तरी तेच.
– बार्शी

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. स्वस्त स्कोपचा दिवा संध्याकाळपुरता असतो. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात, पांढऱ्या मातीच्या बांधावर तो हरवणारच. म्हणून घेतानाच काळी, जाड, काचेवर कोरलेली फुली पाहा, दिवा बंद असतानाही १ पटीवर ती झटकन सापडली पाहिजे. पहिल्या फोकल प्लेनचा (पटीबरोबर फुली लहान-मोठी होणारा) स्कोप १ पटीवर फुली केसासारखी बारीक दाखवतो, दिव्याशिवाय तो तुमच्या कामाचा नाही. दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये फुली कायम जाड राहते, फक्त खालच्या खुणांचं माप सर्वांत मोठ्या पटीवरच खरं धरायचं.

प्रश्न : मुलगी १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेची तयारी करते. तिला हा स्कोप चालेल?
– होटगी रोड

उत्तर : नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत दुर्बीण लावायला मनाई आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, तेही दुर्बिणीविना, भोकाच्या डायऑप्टर साइटवर. तिच्यासाठी ठेवलेले पैसे चांगल्या मागच्या साइटवर आणि एकाच लॉटच्या छर्ऱ्यांवर घाला.