डिस्क भरली की जुनी फाइल रिकामी का होते?

सर्व्हरची डिस्क भरली आणि तुमच्या पायथन स्क्रिप्टने लिहिलेली सेटिंगची फाइल शून्य बाइटची झाली. यात दोष डिस्कचा कमी, लिहिण्याच्या पद्धतीचा जास्त.

फाइल 'डब्ल्यू' (म्हणजे लिहिण्याच्या) मोडमध्ये उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. नवा लिहिला जातो नंतर. शेलमध्ये (कमांड टाइप करतो तिथे) आउटपुट फाइलमध्ये वळवणाऱ्या '>' चंही तेच. पुसलेल्या मजकुराची जागा मोकळी होते हे खरं, पण भरलेल्या डिस्कवर ती टिपायला एखादा लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची सतत वाढणारी फाइल) टपलेलाच असतो. तेल गेलं, तूपही गेलं.

माझ्याकडे हे रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) झालं. सकाळी पाहतो तर ग्राहकांची यादी रिकामी, आणि तीच रिकामी यादी इमानेइतबारे बॅकअपवरही गेलेली! तेव्हापासून मूळ फाइलला थेट हात लावत नाही.

नवा मजकूर आधी त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने लिहायचा. मग फ्लश, मग एफसिंक (दोन्ही मजकूर मेमरीतून खरोखर डिस्कवर उतरवायला), आणि सगळं विनातक्रार पार पडलं तरच ओएस डॉट रिप्लेसने (पायथनच्या नाव बदलणाऱ्या फंक्शनने) मूळ नाव द्यायचं. लिनक्सवर हा नावबदल अखंड असतो: वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाइल दिसते, नाहीतर नवी पूर्ण. जागा संपली तर तात्पुरती फाइल अर्धवट राहील, जुनी शाबूत. 'टीएमपी' फोल्डरमध्ये मात्र लिहू नका. ते वेगळ्या फाइलसिस्टिमवर (म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर) असेल तर रिप्लेस एरर देतं, आणि 'एमव्ही' (फाइल हलवण्याची कमांड) वापरलंत तर ते गुपचूप कॉपी करतं, म्हणजे पुन्हा तोच धोका. नव्या फाइलचे मालक आणि परवानग्याही तपासा, मी त्यात एकदा अडकलोय. आणि एरर आली की 'एक्सेप्ट, पास' (पायथनमध्ये एरर पकडून सोडून देणं) लिहून गिळू नका.

डिस्क भरल्यावर घाईत लॉग डिलीट केला तरी जागा सुटत नाही, असं बऱ्याचदा होतं. कारण प्रोग्रामने ती फाइल उघडी धरलेली असते. अशा फाइली 'एलएसओएफ' ही कमांड दाखवते; तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटते. 'डीएफ'मध्ये (मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये) जागा दिसूनही लिहिता येत नसेल तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद, यांची संख्या ठरलेली असते) संपलेत का पाहा, 'डीएफ -आय' करून.

शिवाय प्रत्येक सर्व्हरवर मी २ जीबीची एक निरुपयोगी फाइल ठेवतो. अगदीच अडलं की ती उडवायची, श्वास घ्यायला जागा मिळते.