तपासणीतले शेरे आणि वरचे पद

"कारखान्याच्या तपासणीत शेरे आले तेव्हा गुणवत्तेची जबाबदारी माझ्याकडे होती; आता मला वरचे पद कोण देणार?" औषधनिर्मिती क्षेत्रातील अधिकाऱ्यांना नोकरीबदलाविषयी सल्ला देताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. त्याचे उत्तर एका बाईंच्या अनुभवातून देतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या इंजेक्शने तयार करणाऱ्या एका कारखान्यात क्यूए हेड, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या प्रमुख, होत्या. शिक्षण एम. फार्म., अनुभव वीस वर्षांचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे यूएसएफडीएची, तपासणी झाली आणि शेवटच्या दिवशी कंपनीच्या हाती फॉर्म ४८३ पडला. तपासनिसांना जे आक्षेपार्ह दिसले ते या फॉर्मवर लिहिलेले असते. तो अंतिम निर्णय नसतो, आणि कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर पाठवले तर वॉर्निंग लेटर, म्हणजे नियमभंगाबद्दलचे औपचारिक इशारापत्र, द्यायचे की नाही हे ठरवताना ते उत्तर विचारात घेतले जाते. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे पाठ असते, तरीही ज्याच्या विभागावर शेरा येतो त्याला आपल्यालाच शिक्षा झाल्यासारखे वाटते. बाईंनी सीव्हीमध्ये ती दोन वर्षे एका ओळीत उरकली होती.

मी त्यांना विचारले, "मुलाखतीत हा विषय निघाला तर काय सांगाल?"

"सर, ऑपरेटरने चुकीची नोंद केली होती. त्याला पुन्हा ट्रेनिंग दिले."

सल्ल्याच्या कामाआधी मी वरिष्ठ पदांसाठी माणसे शोधत असे, आणि तेव्हा निवड मंडळांसमोर हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. फॉर्म ४८३ मुळे जितके उमेदवार मागे पडले नसतील, तितके या वाक्यामुळे पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून तपासनिसांनी नेमके काय पाहिले ते मी त्यांना सांगायला लावले. फिलिंग रूमच्या, म्हणजे औषध भरण्याच्या खोलीच्या, स्वच्छतेच्या लॉगबुकात सकाळी १० वाजून २० मिनिटांनी एका ऑपरेटरची सही होती. व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, धुण्याच्या खोलीच्या लॉगबुकातही त्याच दिवशी, त्याच मिनिटाला, त्याच माणसाची सही होती. दोन्ही खोल्यांच्या मध्ये कपडे बदलण्याची खोली आहे, आणि निर्जंतुक पोशाख चढवल्याशिवाय फिलिंग रूममध्ये पाऊल ठेवता येत नाही.

"या नोंदी तपासल्याची सही कोणाची होती?"

"आमच्या एक्झिक्युटिव्हची."

"आणि औषधाची बॅच बाजारात सोडतानाची?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी."

तिथून पुढचे सगळे त्यांनी न अडखळता सांगितले. त्या पाळीत चौघांचे काम दोघे करत होते. जास्त माणसे द्यावीत म्हणून त्यांनी दोनदा लेखी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही, आणि तरीही त्या बॅच सोडत राहिल्या. शेरा आला त्या संध्याकाळी मात्र त्याच पाळीतल्या तीन बॅचेस त्यांनी होल्डवर ठेवल्या. ट्रक गेटवर उभा होता. प्लँट हेडने "आधी उत्तर जाऊ द्या, मग पाहू" असे सांगितले, तेव्हा त्यांनी व्यवस्थापकीय संचालकांना थेट मेल लिहून कारण कळवले. यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते, कारण त्यावरून त्या वर्षभर बोलणी खात होत्या.

मी त्यांना सांगितले की मंडळाला नेमके हेच ऐकायचे असते, आणि ते "माझी" या शब्दासकट सांगा. इंजेक्शन थेट रुग्णाच्या शरीरात जाते. औषध निर्जंतुक नसेल तर ते तिथे कोणाला ओळखता येणार नाही. म्हणून या पदासाठी माणूस निवडताना चूक झाली की नाही यापेक्षा ती कळल्यावर पहिल्या काही तासांत कोणाला सांगितले, औषधाचे काय केले आणि ऑपरेटरच्या पलीकडे जाऊन कारण शोधले का, हे पाहिले जाते. वॉर्निंग लेटर यूएसएफडीएच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते, त्यामुळे लपवाछपवी टिकतही नाही. एक मर्यादा मात्र पाळावी: जे कागद जाहीर झालेले नाहीत त्यांतली उत्पादनांची वा ग्राहकांची नावे मुलाखतीत उच्चारू नयेत. जुन्या मालकाची गुपिते सांगणारा माणूस आपलीही सांगेल, हे समोरच्यांना लगेच कळते.

दुसरा सल्ला त्यांना अनपेक्षित होता. मी म्हटले, तुम्हीही मंडळाला एक प्रश्न विचारा: गुणवत्ताप्रमुख कोणाला रिपोर्ट करतो? अमेरिकेच्या नियमावलीत, कलम २११.२२ मध्ये, बॅच मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार गुणवत्ता विभागाला दिलेला आहे. २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आपल्याकडे आलेल्या सुधारित शेड्युल एममध्येही, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीच्या नियमांतही, उत्पादनप्रमुख आणि गुणवत्ताप्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र असणे अपेक्षित आहे. पण ज्याच्यावर डिस्पॅचचे टार्गेट आहे तोच तुमचे वार्षिक मूल्यमापन लिहीत असेल, तर ट्रक थांबवताना हात कचरतो. कितीही खंबीर माणसाचा कचरतो, हे मी जवळून पाहिले आहे.

पहिल्या कंपनीने मुलाखतीनंतर काहीच कळवले नाही. दुसरी गोव्यातली. तिथल्या मंडळावरील एका निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी जवळजवळ पाऊण तास फक्त त्या लॉगबुकाबद्दल विचारले. नेमणुकीच्या मसुद्यानुसार बाईंनी प्लँट हेडला रिपोर्ट करायचे होते. त्यांनी बदल मागितला आणि उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी मला दोनदा फोन करून विचारले की मागणी मागे घेऊ का. मी नको म्हटले. शेवटी पत्र आले, त्यात व्यवस्थापकीय संचालकांना थेट रिपोर्ट करायचे असे लिहिले होते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या नव्या कारखान्याच्या कपडे बदलण्याच्या खोलीत घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. सवयीच्या ऑपरेटरला पूर्ण पोशाख चढवायला सव्वातेरा मिनिटे लागली. मग त्यांनी मागच्या तीन महिन्यांची लॉगबुके मागवून घेतली.