बागेत जायला सुरुवात करताय?
पहिल्याच आठवड्यात रोज तासभर चालायचा हट्ट धरू नका. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन बरं आढळलं; ती सलग की थोडी थोडी, यानं फरक पडला नाही. म्हणून घराजवळचीच बाग धरा. लांबची कितीही सुंदर असली तरी चार दिवसांत सुटते, हे मी फार जणांचं पाहिलंय. रस्त्याकडेनं न चालता आतली, दाट सावलीची वाट घ्या. तिथे धूर आणि गोंगाट कमी, शिवाय पानांतून पाण्याची वाफ होत राहते, त्यामुळे हवाही गार. फोन खिशातच राहू द्या, कळकळीनं सांगतो. पाय दुखत असतील त्या दिवशी नुसतं बाकावर बसलात तरी चालेल.