कंत्राटाची बातमी आली. शेअर घ्यावा का?

प्रश्न : हिंदुस्तान एरोनॉटिक्सला ९७ तेजस विमानांचं ६२,३७० कोटींचं कंत्राट मिळालं. अशा बातमीचा कंपनीच्या नफ्यावर खरा परिणाम किती, हे सामान्य गुंतवणूकदाराने कसं ओळखावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी बातमी कुठल्या टप्प्यावरची आहे ते पाहा. संरक्षण खरेदी परिषदेने गरजेला मान्यता दिली, एवढ्याने कंपनीच्या हाती ऑर्डर पडत नाही. त्यानंतर निविदा, किमतीची घासाघीस, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी आणि मग सह्या. या ९७ विमानांना गरजेची मान्यता नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाली. करार झाला २५ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या प्रत्येक टप्प्यावर तीच ऑर्डर नवी बातमी बनून येते. ती वहीत एकदाच मांडा.

मग रक्कम वर्षांवर पसरा. विमानं २०२७-२८ पासून सहा वर्षांत द्यायची आहेत, म्हणजे सरासरी वर्षाला सुमारे १०,४०० कोटी. कंपनीची उलाढाल २०२३-२४ मध्येच ३० हजार कोटींच्या वर होती. शिवाय २०२१ ची ८३ तेजस विमानांची ऑर्डर संपत येईल तशी नवी ऑर्डर बरीचशी तिचीच जागा भरेल. सगळी रक्कम वाढ म्हणून धरू नका. करारानंतर आगाऊ रक्कम मिळते आणि बँकेतली शिल्लक फुगते, पण ताळेबंदात ती देणं असते, विक्री नव्हे.

खरी गोम पुरवठ्यात आहे. ८३ पैकी पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत अपेक्षित होतं. त्यासाठीच्या ९९ इंजिनांपैकी पहिलं अमेरिकेच्या जीई या इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडून आलं मार्च २०२५ मध्ये. सांगाडे तयार, इंजिन नाही, अशी गत झाली. अशा वेळी माल आणि अर्धवट काम साठून भांडवल अडकतं, करारात विलंबाचा दंडही असतो. तुमच्या ओझरला ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए ची (याच ऑर्डरींमधल्या विमानाच्या प्रकाराची) तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली, ही चांगलीच गोष्ट. पण इंजिनं त्या वेगाने आली नाहीत तर वाढलेली क्षमता नुसती उभी राहील. म्हणून दर तिमाहीला ऑर्डर बुकच्या (हातातल्या पुऱ्या न झालेल्या ऑर्डरींच्या एकूण रकमेच्या) आधी किती इंजिनं आली आणि हवाई दलाने किती विमानं स्वीकारली, ते शोधा.

सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांबाबत तर शेअर बाजाराला दिलेलं निवेदनच वाचा : ऑर्डर कोणी दिली, किती महिन्यांत पुरी करायची, रक्कम करासह की कर वगळून. मुदतच लिहिलेली नसेल, तर वार्षिक विक्रीचा हिशेब मांडता येत नाही. तो खुलासा येईपर्यंत खरेदी थांबवा.