गुडघा दुखत नाही, हे मुलाला कसं सांगू?

सप्रेम नमस्कार,

मी 64 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. हे बँकेतून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी ठाण्याचा ब्लॉक मुलाच्या हवाली केला आणि आम्ही दोघं राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत राहायला आलो. घर जुनं, मागे पंचवीसेक हापूसची कलमं, उतारावर काजू.

गेली दोन वर्षं फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही ठाण्यातच होतो. सुनेचं मार्च एंडिंग, मुलाची फिरती, नातवाची परीक्षा. तो तिसरीत आहे, सीबीएसईला. आंब्याला कणी, म्हणजे बारीक फळ, धरली की आम्ही बॅगा भरायच्या आणि परत येईपर्यंत पाटकर काका आंबा उतरवून मोकळे. शिमग्याला पालखी आली तेव्हा आमच्या दाराला कुलूप. देवाची ओटी शेजारणीने भरली. यंदाही मुलाने एक फेब्रुवारीची तिकिटं काढतो म्हटलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, गुडघे फार धरलेत, प्रवास झेपणार नाही." खोटं बोलले. रोज पहाटे मी चांगली सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढून जाते. आता त्याने हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. वर म्हणतो, असे गुडघे घेऊन तिकडे राहायचंच नाही, कायमचे इकडे या. हे शिडीवर उभे राहून हे सगळं ऐकतात आणि हसतात. मला मात्र रात्री झोप लागत नाही. आजी असून मला नातवापेक्षा झाडं प्यारी झाली का?

– वाडीतली आजी

ताई,

आधी तुमच्या गुडघ्यांचं अभिनंदन करते. चौसष्टाव्या वर्षी पहाटे सडा चढणारे गुडघे मुंबईत पैसे मोजून मिळत नाहीत.

आता खोट्याचं. माझी आई भोरजवळच्या गावी राहायची. आम्ही भावंडं तिला पुण्याला बोलावायचो, की तिची गाय व्यायलेली असायची. एका वर्षात ती गाय तीनदा व्याली. आम्ही हसायचो, आईची फिरकी घ्यायचो. पण तीन वेळा व्यायलेल्या गाईच्या पलीकडे जाऊन "आई, तुला तिथून निघावंसंच वाटत नाही का गं?" असं आम्हा चौघांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही. घरातल्या बाईने "मला इथे बरं वाटतं" एवढंच कारण द्यायचं, ही पद्धतच नव्हती. कारण दुखणं असावं लागायचं, नाहीतर गाय.

तुम्ही शिक्षिका होतात, पगार कमावलात, तरी वेळ आल्यावर हात गेला तो दुखण्याकडेच. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त या खोट्याचा हिशेब बघा. मुलाला गावातल्या आईची चिंता आधीच असणार. त्यात तुम्ही स्वतःच्या हाताने पुरावा दिलात. तुम्हाला तीन महिने वाचवायचे होते आणि आता तुमची बारा महिन्यांची वाडी धोक्यात आली. पुढच्या वर्षी खरंच गुडघा दुखला, तर तेव्हा काय सांगणार?

तेव्हा मुलाला खरं सांगायचं, आणि ते फोनवर, तुमच्या आवाजात. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मजकूर टाकू नका, तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये अर्धाच वाचला जाईल. "अरे, गुडघे ठीक आहेत. मी खोटं बोलले, कारण मला यायचं नव्हतं आणि नाही म्हणायची लाज वाटली." दोन वाक्यं पुरेत. तो जरा वेळ गप्प होईल. होऊ दे. ती शांतता भरून काढायला घाईघाईने "पण तुम्ही म्हणत असाल तर येते" असं मात्र म्हणू नका. शिक्षक लोकांना वर्गात शांतता झाली की बोलायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते.

मग त्याला सांगा की मार्चमध्ये तुमच्याकडे काय असतं. मला खात्री आहे, त्याला ते माहीत नाही. मुंबईच्या पोरांना गाव म्हणजे गणपती आणि मे महिना. गणपतीत चिखल, मे महिन्यात घामाच्या धारा आणि आंब्याच्या पेट्या. मधला फाल्गुन-चैत्र त्यांनी पाहिलेलाच नसतो, कारण तेव्हा शाळा असते, पुढे ऑफिस असतं. त्याला सांगा, काटेसावर आणि पांगारा पानं टाकून नुसत्या लाल फुलांवर उभे राहतात. करवंदीच्या जाळीला पांढरी फुलं येतात आणि सड्यावरून वाऱ्याबरोबर त्यांचा वास खळ्यापर्यंत, म्हणजे घरापुढच्या अंगणापर्यंत, येतो. तांबट पक्षी दिवसभर एकच ठोका ठोकत असतो. ओल्या काजूगरांचे दिवस असतात. बाजारात ते शेकड्याने मोजून घ्यावे लागतात, तुम्ही मात्र हाताला खोबरेल चोपडून, चिकाने बोटं भाजून न घेता, पडवीत बसून स्वतःच्या झाडाचे काढता आणि दुपारी उसळ होते. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी होते. आणि सुपारीएवढी झालेली कैरी रात्रीच्या वाऱ्याने पडली की सकाळी ती वेचायला तुम्ही आणि वानर यांच्यात शर्यत असते. दोन वर्षं ती शर्यत वानरांनी जिंकली.

पालखीचं तर वेगळंच. वर्षभर आपण देवळात जायचं आणि शिमग्यात देवाने आपल्या दारी यायचं, असा हा हिशेब. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या खळं सारवून वाट बघितली, त्या घराला कुलूप लागणं काय असतं, हे तुमच्या मुलाला चाकरमानी म्हणून कळायला हवं. शिमग्याला गाड्या भरभरून मुंबई रिकामी होते, ती मौजेखातर नाही.

पण ताई, दुसरी बाजूही तुम्ही ऐका. सुनेचं मार्च एंडिंग हे ढोंग नाही. त्या दिवसांत रात्री दहाला घरी येणारी बाई तुमच्याकडे मदत मागते, तेव्हा ती तुमचा वसंत हिरावून घ्यायला बसलेली नसते. तिला कदाचित कुणी सांगितलंच नाही की तुमच्याकडे त्या वेळी काही असतं. तुमच्या पत्रात सुनेचं नाव एकदा आलं आणि तेही मार्च एंडिंगला चिकटून. तिच्याशी वेगळं बोला. मुलामार्फत निरोप नको. निरोपात "आईला यायचं नाही" एवढंच पोचतं आणि त्यातला काजू, पालखी, तुमचा जीव हे सगळं वाटेत गळून पडतं.

आणि मदत नेमकी किती हवी आहे, ते विचारा. तिसरीतल्या मुलाच्या परीक्षेला दोन माणसं तीन महिने लागत नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या मते सगळी खरी नड पंधरा-वीस दिवसांची आहे. सीबीएसईच्या बहुतेक शाळांची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत आटपते आणि नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं. मधले दोन-अडीच आठवडे मूल घरी आणि आई ऑफिसात सगळ्यात जास्त अडकलेली. हीच ती खिंड. तिथे तुम्ही ठाण्याला जायचं सोडून नातवालाच वाडीत आणलं तर? त्याची शेवटची परीक्षा झाली की आजोबांनी जाऊन त्याला घेऊन यायचं. सून मोकळी, मुलगा मोकळा आणि तुमच्या दाराला कुलूप नाही. परीक्षेच्या आधी फेब्रुवारीत आठ-दहा दिवस तुम्ही एकट्या जाऊन या, त्याचा अभ्यास घ्या, सुनेच्या हातचं जेवा, दोघी एखादा सिनेमा बघा. तेवढं तुम्ही द्यायलाच हवं, असं मला वाटतं. झाडं दहा दिवस थांबतात.

पोरगा आल्यावर त्याला करमेल का, ही शंका तुमच्या मनात येणारच. पहिले दोन दिवस करमणार नाही. मोबाइलला रेंज शोधत तो खळ्यात फिरेल. फिरू दे. त्याच्यासाठी संस्कारवर्ग उघडू नका, वेळापत्रक भिंतीवर लावू नका. त्याला काम द्या. काजूची पडलेली बी वेचायची आणि दर शेकड्याला आजोबांकडून पैसे घ्यायचे, हा व्यवहार आठ वर्षांच्या मुलाला लगेच समजतो. एक दिवस सकाळी कशेळीच्या सड्यावर न्या. जांभ्या दगडात कोरलेला तिथला हत्ती एवढा मोठा आहे की कडेने चालत गेल्याशिवाय तो हत्ती आहे हे कळतही नाही. राजापूर-रत्नागिरीकडची ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शाळेत सांगायला त्याला तेवढं पुरे. फक्त नऊच्या आत परत फिरा, नंतर कातळ तापतो. आणि गावात जुना वड किंवा बेहडा असेल तर धनेशावर लक्ष ठेवा. याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो. लांबूनच बघायचं, ढोलीखाली गर्दी करायची नाही, नाहीतर नर बिचकतो.

पाडव्याला मुलगा-सून येऊ शकतात. पाडवा इंग्रजी तारखेला धरून चालत नाही, गेल्या वर्षी 30 मार्चला होता, यंदा 2026 मध्ये 19 मार्चला आहे, आणि तो गुरुवार आहे. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस हाती. वर्षअखेरीला अजून बारा दिवस असतात, तेव्हा सुनेला निदान दोन दिवस तरी सुटता येईल. नाही सुटता आलं तर रुसू नका. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही करता येतं, एप्रिलमधल्या एखाद्या शनिवार-रविवारी वाटली डाळ आणि पन्हं तिच्यासाठी राखून ठेवा. तोवर तिच्या फायलीही मिटलेल्या असतील. खरं तर हे हळदीकुंकू तिच्यासाठीच करा.

तुमच्या मुलाच्या काळजीत एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती गुडघ्यांची नाही. ती तुमच्या पत्रात तुम्ही ओझरती लिहिली आहे: हे शिडीवर उभे होते. निवृत्त बँक अधिकाऱ्याने शिडीवर काय करायचं? काजूची बी झाडावरून ओढायची नसतेच, बोंड पिकून आपोआप खाली पडतं तेव्हा वेचायची असते. आंब्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला मिळतो, बांबूला लावला की जमिनीवरून देठासकट फळ उतरतं. तो आणा आणि शिडी पाटकर काकांकडे देऊन टाका. दुसरं, वणवा. कलमांभोवतीचं गवत फेब्रुवारीतच कापून कडेने पट्टा मोकळा करून घ्या. शेजारी भाजावळ, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळणं, चालू असताना एक ठिणगी वाऱ्यावर आली तर काजूची बाग तासाभरात जाते. त्या वेळी साठीतली दोन माणसं फांद्या घेऊन आग विझवायला धावणार, हे चित्र मुलाच्या डोळ्यांपुढे येत असेल तर त्याचं काही चुकत नाही. तिसरं, शेजारच्या दोन घरांचे आणि गावात गाडी असलेल्या एखाद्या पोराचे नंबर मुलाला देऊन ठेवा. रात्री फोन लागला नाही तर त्याने कुणाला विचारायचं, हे त्याला माहीत असलं की "कायमचे इकडे या" हे वाक्य निम्म्याने कमी होईल. पूर्ण बंद होणार नाही. आईबाप लांब राहतात तोवर ते चालूच राहणार.

डॉक्टरांची वेळ रद्द करू नका. फेब्रुवारीत जाल तेव्हाची घ्या आणि मुलाबरोबर जा. डॉक्टरांनी "गुडघे उत्तम आहेत" असं त्याच्यासमोर म्हणायला हवं. तुमच्या शब्दावर सध्या तो विश्वास ठेवणार नाही, आणि तशी वेळ तुम्हीच आणली आहे.

नातवापेक्षा झाडं प्यारी झाली का, हे तुम्ही विचारलंत. याचं उत्तर मी देणार नाही, कारण हा प्रश्न तुमचा नाही. तो कुणीतरी विचारेल या भीतीने तुम्ही आधीच स्वतःला विचारून ठेवला आहे. तुमच्या यांना असा प्रश्न पडलेला दिसत नाही. आजोबा शिडीवर हसत असतात, तेव्हा त्यांना कुणी झाडं आणि नातू तराजूत घालायला सांगत नाही.

तर आता तिकिटं. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे मुलगा-सून 18 तारखेच्या रात्री घरातून निघाले तरी तिकीट 19 मार्चचं काढायचं. यात भले भले फसतात आणि फलाटावर उभे राहून कपाळाला हात लावतात. गाडी राजापूर रोडला पोचेपर्यंत गुढी उभी झालेली असेल. संध्याकाळी उतरवायची मात्र नातवाच्या हातून. 19 मार्चचं आरक्षण येत्या रविवारी, 18 जानेवारीला सकाळी आठला उघडतं आणि शिमगा-पाडव्याच्या दिवसांत बघता बघता प्रतीक्षायादी लागते. म्हणून मुलाला फोन शनिवारी रात्रीच करा, जेवणं झाल्यावर. आणि फोन चालू असताना यांना शेजारी बसवू नका. ते हसतील.