सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?

सरदार सरोवरासाठी अक्कलकुवा-अक्राणीतून उठवून तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आणलेल्या घरांतल्या बायका फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून आज एकत्र उत्तरं देते.

प्रश्न: ऊसतोडीला गुजरातेत जातो. तिकडे रेशन मिळेल का?

हो, कार्ड आधारला जोडलेलं असेल तर. निघण्याआधी आपल्या रेशन दुकानात खात्री करून घ्या.

प्रश्न: पैशांची नड आहे. एक बिगर-आदिवासी व्यापारी स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन पाच वर्षं शेत कसायला मागतो. नोटरी केली की पक्कं होतं, म्हणतो.

होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पट्ट्याने किंवा गहाण द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नोटरीचा शिक्का परवानगीच्या जागी चालत नाही. अंगठा देऊ नका. दिला असेल तर कागद घेऊन आधी तहसील गाठा.

प्रश्न: पुनर्वसनाचं शेत नवऱ्याच्या नावावर आहे. सासू म्हणते, नवऱ्याचं ते तुझंच, वेगळं नाव कशाला?

हे ऐकून ऐकून जीव कातावतो. निंदणी तुमची, कापूस वेचणी तुमची, मिरचीची तोडणी तुमची. पण सोसायटीत पीककर्ज मागा नाहीतर कापूस घेऊन सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर जा, सातबारा ज्याच्या नावाचा त्यालाच विचारतात. याचं मूळ जुनं आहे. नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला. बायको नवऱ्याच्या कुटुंबात गेली, विधवा आई मुलाच्या. डोंगरातलं शेत, जंगल, नदी तुमचीही गेली, तरी वसाहतीतला कागद पुरुषाच्या नावाने निघाला. तो आपोआप बदलत नाही. 1992 पासून महाराष्ट्रात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतः अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. म्हणजे त्याचं मन वळवावं लागेल, आणि ते तो हयात आहे तोवरच. तुमची जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे न होणारी असेल, तर काय परवानगी लागेल ते तलाठ्याला आणि जिल्ह्याच्या पुनर्वसन शाखेला विचारूनच अर्ज करा. दलालाला पैसे देऊ नका.

प्रश्न: नवरा वारून दोन वर्षं झाली. दीर म्हणतात, पोरं मोठी झाली की वारस लावू.

थांबू नका. वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. उशीर झाला तरी नोंद होते, पण तोवर दुसऱ्याचा फेरफार पडला तर तुमची वर्षं तारखांत जातील. मृत्यूचा दाखला घेऊन या आठवड्यातच जा. एक मात्र लक्षात ठेवा, अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू नाही. दीर रूढी पुढे करतील, म्हणून तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत वकील मागा आणि कागद दाखवा.

प्रश्न: मूळ गावचा वनपट्टा एकट्या नवऱ्याच्या नावे आलाय. चालेल?

नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. ग्रामसभेतून दुरुस्तीचा अर्ज प्रांताकडे द्या आणि पोच घ्या.