शिरपूरच्या भाऊला: समर कोर्सला जा, पण तिथलं गाव बघून भुलू नको

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, पुढच्या जुलैत जर्मनीत महिनाभराचा भाषेचा समर कोर्स करायचा आणि आवडलं तर मास्टर्सला तिकडेच जायचं असं तुझं चाललंय, आणि आप्पा म्हणतात एका महिन्यासाठी दोन-अडीच लाख घालण्यापेक्षा ते पैसे मास्टर्सला ठेव. तू विचारलंस, महिनाभर राहून कळतं का की आपल्याला तिथं जमेल की नाही?

अर्धं कळतं. कुठलं अर्धं ते सांगतो, कारण मी नेमका तिथंच फसलो होतो.

मी साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचं गाव. 2019 च्या जुलैत फ्रायबुर्गला चार आठवड्यांच्या जर्मनच्या कोर्सला गेलो होतो, मग 2021 च्या ऑक्टोबरपासून तिथंच मायक्रोसिस्टिम्समध्ये मास्टर्स केलं, आता नोकरी इकडेच आहे. तर आधी समरचं सांगतो.

पहिल्याच दिवशी गावात फिरताना काय दिसलं तर रस्त्याच्या कडेनं हातभर रुंदीचे दगडी पाट आणि त्यातून खळखळ पाणी चाललंय. बेखले म्हणतात त्याला. द्रायझाम नावाच्या नदीचं पाणी वळवून मध्ययुगापासून जुन्या शहरातून खेळवलंय, पोरं त्यात दोरी बांधून लाकडी होड्या सोडतात, आणि चुकून पाय पडला तर तुझं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होणार असं तिथले लोक सांगतात. माझा पहिल्या आठवड्यात दोनदा पडला, अजून काही झालेलं नाही. पण मी तिथं उभा राहून बघत बसलो ते वेगळ्याच कारणानं. आपल्याकडे पांझरेवर फडाचे बंधारे आहेत ना, बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडाला म्हणजे शेतांच्या पट्ट्याला पाणी, आणि ते बघायला पाटकरी, अगदी तसंच. एक माणूस लांब दांड्याचा झाडू घेऊन पाटातला पाला काढत चालला होता, नगरपालिकेचा माणूस, कामच ते त्याचं. मी घरी व्हिडिओ पाठवला तर नाना म्हणाले, हा तर पाटकरी शे! आमचे बंधारे निम्मे गाळानं भरलेत आणि यांचा पाट बाजारपेठेतनं वाहतोय, हे जरा लागलंच मनाला.

वर्ग सकाळी नऊ ते साडेबारा. पहिल्या दिवशी मॅडम आत आल्या आणि मी सवयीनं उभा राहिलो, एकटाच. सगळ्यांना वाटलं मला बाहेर जायचंय. बाकी वर्गात इटालियन, कोरियन, एक तुर्की जोडपं, ब्राझीलची एक आजी जी नातवंडांशी बोलता यावं म्हणून शिकत होती. इंग्लिशवर भागतं का असं तू विचारलंस, तर वर्गात आणि युनिव्हर्सिटीत भागतं, बेकरीत नाही. मी पुण्यात क्लास लावून ए-टू, म्हणजे जर्मनची खालून दुसरी पातळी, केलं होतं, पावाला ब्रोटशेन म्हणतात हे पाठ होतं, आणि बेकरीतली बाई मला विचारत होती वेकले हवेत का म्हणून. तिकडच्या बोलीत पावाला वेकले. आता पुण्याचा माणूस नंदुरबारच्या स्टँडवर उतरला आणि कोणी त्याला अहिराणीत "कथा जाशी?" विचारलं तर त्याचं जे होईल ते माझं झालं. पण आपल्यासारख्या घरात एक बोलणाऱ्या आणि शाळेत दुसरं लिहिणाऱ्या पोरांचा कान लवकर वळतो, तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याच उच्चारात मागायला लागलो आणि तिनं एक वेकले फुकट दिला.

उन्हाचं ऐक, कारण तुला वाटत असेल आपण खान्देशचे, आपल्याला काय ऊन लागतंय. मलाही वाटलं होतं. 25 जुलै 2019 ला पॅरिसमध्ये 42.6 डिग्री आणि जर्मनीत 41.2 डिग्री झालं, दोन्हीकडचा रेकॉर्ड. घरी फोन केला तर सगळे हसले, एवढं तर आपल्याकडे एप्रिलमध्येच असतं म्हणे. पण भाऊ, आपल्या घराला पंखा असतो, कूलर असतो, रात्री गच्चीवर गादी टाकता येते. माझी खोली चौथ्या मजल्यावर छपराखाली होती, पंखा नाही, एसी तर नाहीच, आणि भिंती थंडीसाठी बांधलेल्या, म्हणजे आत शिरलेली गरमी बाहेर जाता जात नाही. दुकानात टेबलफॅन शिल्लक नव्हते. तीन रात्री ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपलो. नंतर तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं शिकवलं की सकाळी सातला खिडक्या आणि बाहेरची शटरं बंद करायची आणि रात्री दहाला सगळं सताड उघडायचं. हे आमची आजी करायचीच की! जर्मनीत जाऊन आजीचं ऐकलं.

आणि बासलचा दिवस. फ्रायबुर्गहून ट्रेननं तासाभराच्या आतबाहेर, स्वित्झर्लंड, शेंगेन व्हिसावर जाता येतं. तिथं लोक उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की ऱ्हाईन नदीत उतरतात, कपडे-मोबाईल माशाच्या आकाराच्या एका वॉटरप्रूफ पिशवीत गुंडाळून, ती पिशवी छातीशी धरून प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पुढं दोन-तीन पूल गेले की पायऱ्यांवरून वर येतात. मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून, तिथं पाणी उभं असतं. इथं पाणी माणसाला घेऊन चालतं. उतरताना पाय लटपटले, पण एकदा पाठीवर पडलो आणि दोन्ही काठांची घरं मागं सरकायला लागली, एक साठीच्या बाई शेजारून गप्पा मारत चालल्या होत्या जणू शतपावली चाललीय. संध्याकाळचे आठ, आणि ऊन. मी तिथंच, पाण्यातच ठरवलं की मास्टर्स फ्रायबुर्गलाच करायचं. हीच ती चूक. (दुसरी चूक म्हणजे मोबाईल. युरोपातलं सिम सगळीकडे चालतं अशा भ्रमात डेटा चालू ठेवला, युरोपियन युनियनचा रोमिंगचा नियम स्वित्झर्लंडला लागू नाही, आणि बिल बघून जेवण गेलं नाही.)

चूक का ते सांगतो. 2021 ला माझ्या हातात दोन ॲडमिशन होत्या. एक दुसऱ्या राज्यात, ट्यूशन फी शून्य, फक्त सेमिस्टरची किरकोळ रक्कम. दुसरी फ्रायबुर्गची. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गनं 2017 च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी लावलीय. चार सेमिस्टरचे 6,000 युरो. जर्मनीत शिक्षण फुकट असं आपल्याकडे एजंट सांगतात ना, त्यांना राज्याचं नाव विचार. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही आता फी चालू केलीय, तिथली तर याहून जास्त आहे. मी मात्र त्या पाटाच्या आणि नदीच्या नादात फ्रायबुर्ग घेतलं. नानांनी दोन एकरावरचा कांदा विकून पहिलं सेमिस्टर भरलं हे मी विसरलेलो नाही.

आणि ऑक्टोबरमध्ये तेच गाव वेगळं होतं. समर कोर्सला खोली कोर्सवाल्यांनीच दिली होती, हातात किल्ली घ्यायची आणि झोपायचं. आता स्वतः शोधायची. दोन-तीन पोरं एकत्र फ्लॅट घेऊन राहतात आणि नवीन माणूस घ्यायचा तर चहाला बोलावून मुलाखत घेतात, स्वयंपाक येतो का, पार्ट्या करतोस का, बाथरूम कधी धुतोस. आपल्याकडे मुलगी बघायला जातात ना, तसा मी चौदा ठिकाणी जाऊन आलो आणि चौदा ठिकाणांहून नकार. एकानं खोली न दाखवताच डिपॉझिट मागितलं, मी भरणारच होतो, वर्गातल्या मुलीनं हात धरला म्हणून वाचलो. सहा आठवडे एका जळगावच्या पोराच्या सोफ्यावर काढले. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार, जुलैत जिथं सव्वानऊपर्यंत उजेड होता तिथंच. बेकरीतली बाई तीच होती, पण लोक रस्त्यावर थांबत नाहीत, सगळे मान खाली घालून घरी. जानेवारीत मी आठवडाभर फक्त कॅशियरशी बोललो होतो. माय रोज फोनवर "जेवना का रे?" विचारायची आणि मी हो म्हणायचो.

म्हणून मी तुला काय म्हणतो, समरला जरूर जा, पण आवडतं का हे बघायला जाऊ नको, ते आवडणारच आहे. तिथं असताना दुसरी कामं कर. एखाद्या रविवारी, सगळी दुकानं बंद असताना, एकटा दिवसभर काढून बघ. मास्टर्सच्या मुलांना गाठ आणि खोली कशी मिळाली, नोव्हेंबर कसा गेला ते विचार. तुला हव्या त्या कोर्सच्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन ये, सुट्टी असली तरी कोणीतरी असतंच. आणि फी नसलेल्या राज्यातलं एखादं कमी सुंदर, कारखान्यांचं गाव पण दोन दिवस बघून ये, कारण नोकऱ्या तिथं असतात.

आप्पांचं म्हणणं चूक नाही. मला 2019 ला सगळं धरून सव्वादोन लाख लागले, आता जास्त लागतील. पण मास्टर्सच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि तिथं गेल्यावर महिन्याला ठरावीकच काढायचे, असं खातं) माझ्यावेळी 10,332 युरो दाखवावे लागले, सप्टेंबर 2024 पासून ते 11,904 झालेत, म्हणजे महिन्याला 992. एवढा पैसा अडकवण्याआधी अडीच लाखात डोळे उघडत असतील तर मला ते महाग वाटत नाही, हे त्यांना माझ्या नावानं सांग. पार्टटाईमच्या भरवशावर मात्र हिशोब मांडू नको, वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं आणि 2025 ला किमान मजुरी तासाला 12.82 युरो होती, पण भाषा येत नसेल तर पहिले काही महिने काम मिळत नाही. आणि समरच्या शॉर्ट व्हिसावर तर काम करताच येत नाही, शिवाय तिथं गेल्यावर तो स्टुडंट व्हिसात बदलूनही मिळत नाही, परत यावं लागतं. कोणी एजंट होईल म्हणाला तर उठून ये.

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, तू फेब्रुवारी-मार्चलाच अपॉइंटमेंट घे, मे महिन्यात सगळा देश फिरायला निघतो. फी 90 युरो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोच्या कव्हरचा. आपली खरी अडचण म्हणजे वडिलांचं आयटी रिटर्न नसतं, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही. मी सातबारा, मार्केट कमिटीतल्या वर्षभराच्या हिशोबपट्ट्या, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि सीएचं एक पत्र लावलं, सगळ्याचं इंग्लिश भाषांतर करून. काउंटरवरच्या मुलीनं हिशोबपट्टी उलटीसुलटी करून बघितली, पण व्हिसा आला. मास्टर्सला जाशील तेव्हा एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्रीची कागदं तपासल्याचा दाखला, पण लागेल, ते 2022 च्या नोव्हेंबरपासून आलंय, त्याला वेळ धर.

खाण्याचं तू मुद्दाम विचारलंस. शाकाहारी असशील तर उपाशी राहणार नाहीस, पण कंटाळशील. मी शेवटच्या आठवड्यात नदीकाठी वर्गाची ग्रिल पार्टी होती तिथं कोळशावर वांगी भाजून भरीत केलं, त्यांची वांगी काळी ढब्बू, आपल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याची चव नाही, पण लसूण-मिरची आणि शेंगदाणे कुटून घातले तर ब्राझीलच्या आजीनं दोनदा घेतलं. कळण्याची भाकरी मात्र जमली नाही, तुकडे पडले.

सामानात बिबडे, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त घे. माय तुपाची बरणी आणि पेढे देईलच, ते घेऊ नको, बाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपात नेता येत नाही, विमानतळावर टाकून देतात आणि ते बघवत नाही. आंबा पण सर्टिफिकेटशिवाय नाही. पण ज्या पाच फळांना कागद लागत नाही त्यात केळी आहे! माझ्या रावेरच्या रूममेटला हे कळलं तेव्हा पुढच्या खेपेला त्यानं घरची दोन डझन आणली. तिकडच्या दुकानात इक्वेडोरचं नाहीतर कोलंबियाचं स्टिकर लावलेली पिवळीधमक असतात. याची पोचेपर्यंत अर्धी काळी पडली होती, पण दोघांनी बसून सगळी संपवली.

अपॉइंटमेंट मिळाली की कळव, कागदं एकदा मी बघून देतो.